कोलेस्टेरॉलच्या गोळीवरचा राग

"मॅडम, ती कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तर चालेल का? ती सुरू झाल्यापासून यांचं मन कशातच लागत नाही." कुडाळ-कणकवली भागात समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या घरांतून ऐकलाय, की समोरच्याने फाइल उघडली की पुढचं वाक्य मला कळतं. विचारणाऱ्या घरात कुणाची तरी अँजिओप्लास्टी झालेली असते, नाहीतर किडनीचा आजार निघालेला असतो, बऱ्याचदा दोन्ही. आणि मोबाइलवर एक मेसेज आलेला असतोच: मेंदू कोलेस्टेरॉलचा बनलेला असतो, या गोळीने तो सुकतो.

एका घरातलं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. त्यांना अण्णा म्हणूया.

अण्णा साठी ओलांडलेले, डबलबारी भजनात पखवाज वाजवणारे. हार्ट अटॅक आला, एक स्टेंट पडला, आणि त्याच तपासण्यांत क्रिएटिनिन २.१ निघालं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं. डिस्चार्जच्या कागदावर औषधांची मोठी यादी होती, पण त्यांच्या डोक्यात बसली ती रात्रीची एकच, अॅटोरव्हास्टॅटिन. स्टॅटिन म्हणतात त्या कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांपैकी ही एक. काकी सांगत होत्या, "ह्या गोळयेपासून हे कोणाशी बोलणतच नाय. नातवाचो फोन इलो तरी माकाच म्हणतत, तूच बोल."

पहिल्या भेटीत मी गोळीबद्दल काहीच विचारलं नाही. घरी काय काय बदललं ते विचारलं. दारच्या माडाचं शहाळं बंद, कारण त्यात पोटॅशियम. सुको बांगडो आणि लोणचं बंद, कारण मीठ. रात्रीची भजनं बंद, कारण जागरण. मुलगा डोंबिवलीहून रोज फोन करून सांगतोय, घराला कुलूप लावा आणि इकडे या. हे सगळं एका महिन्यात. एवढं हातचं गेल्यावर माणूस खचला तर त्याला औषधाचा दुष्परिणाम कशाला लागतो? पण शहाळ्यावर राग काढता येत नाही, मुलावर तर नाहीच. गोळी फेकून देता येते.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांच्या वाटेनं काम करणारी बाई आहे. घटना आणि दुःख यांच्या मधे माणूस स्वतःला काहीतरी सांगत असतो, आणि ते बहुधा त्यालाही ऐकू येत नाही. ते वाक्य सापडेपर्यंत मी धीर देत नाही, सल्लाही देत नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्यांना हे फार संथ वाटतं. वाटू दे.

मधल्या काही भेटी हवापाण्याच्या गप्पांत गेल्या. मग एकदा काकी औषधं आणायला बाहेर गेल्या, तसे अण्णा खाली बघत म्हणाले, "मी ती गोळी कधीच सोडलंय, बाय. हिका सांगू नको. दीड म्हयनो झालो."

"मग? मन थाऱ्यावर इला?"

बराच वेळ ते टेबलावर बोटांनी ठेका धरून होते. ठेका थांबला. "नाय. तसाच आसा. उलट रातची झोप पण गेली."

मी गप्प राहिले. त्यांनीच विचारलं, "मगे गोळयेन न्हय, तर माका काय झाला?"

माझ्या दृष्टीने काम इथे सुरू झालं. तोवर गुन्हेगार ठरलेला होता, त्यामुळे शोध बंद होता. हा प्रश्न मी त्यांना पहिल्या दिवशी विचारला असता तर ते उठून गेले असते.

रात्री जाग आल्यावर आधी काय मनात येतं, असं विचारलं. "भावाची मशीन." थोरले भाऊ डायलिसिसवर होते, आठवड्यातून दोनदा एसटीने जायचे. "त्याका पण पयली गोळयोच दिल्ल्यानी. मगे मशीनीर. मगे गेलो." मला हवं होतं ते वाक्य मिळालं: आयुष्यभराची गोळी लागली, म्हणजे मशीनकडे निघालो.

हे खरं की खोटं, हे सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. मी त्यांच्याच हातून चिठ्ठीवर प्रश्न लिहून घेतला: 'ही गोळी किडनीसाठी आहे काय? माका मशीनीर जावचा लागात?' आणि गोळी सोडल्याचं डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं, हे कबूल करून घेतलं. काकींना कधी सांगायचं ते त्यांच्यावर सोडलं.

पुढच्या वेळी अण्णा खुर्चीत नीट बसायच्या आधीच बोलू लागले. "डॉक्टर काय म्हणाले ठावक आसा? मशीनीर गेलेल्या माणसाक ही गोळी नव्यान सुरूच करणत नाय! मी अलीकडे आसंय म्हणान माका दिल्ली."

वर्षानुवर्षं समजूत घालण्याचं काम करूनही इतकं नेमकं वाक्य मला सुचलं नसतं. आणि ते खरंही आहे. किडनीच्या आजारात पुष्कळ माणसं किडनी बंद पडण्याआधी हृदयविकाराने जातात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या 'शार्प' अभ्यासात किडनीविकाराचे नऊ हजारांहून अधिक रुग्ण होते. सिम्व्हास्टॅटिन आणि एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलवरचीच दोन औषधं मिळालेल्यांत हार्ट अटॅक, पक्षाघातासारखे मोठे धक्के १७ टक्क्यांनी कमी झाले. डायलिसिसवरच्यांना नव्याने स्टॅटिन देऊन २००५ आणि २००९ च्या अभ्यासांत तसा ठळक फायदा दिसला नाही. म्हणून २०१३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते की किडनीचा आजार आहे, पन्नाशी उलटली आहे आणि डायलिसिस नाही, अशांना गोळी द्या. डायलिसिसवर असलेल्यांना नव्याने सुरू करू नका. आधीपासून चालू असेल तर मात्र ती चालू ठेवतात, हे त्या घरांनी लक्षात ठेवावं. आणि ही गोळी हृदयासाठी आहे. तिने क्रिएटिनिन उतरेल अशी आशा धरू नये.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी केल्या. मांड्या दुखतात म्हणून सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड तपासलं, दोन्ही ठीक. हिमोग्लोबिन मात्र ९.४ निघालं. किडनीच्या आजारात रक्त कमी होतं, आणि त्याचा थकवा उदासीसारखाच दिसतो. त्यावर उपचार सुरू झाले, गोळी कमी डोसने परत आली. मन काही लगेच उभारी धरत नव्हतं, पण एका भेटीत त्यांच्या नखांत वाळलेली कणीक दिसली. पखवाजाच्या डाव्या पुडीला लावतात ती. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आता ते भजनाला जातात, गजर सुरू झाला की पखवाज दुसऱ्याकडे देतात आणि घरी येऊन झोपतात.

आता मूळ शंकेबद्दल. ती कुणा अडाण्याने उठवलेली नाही. १९९० च्या सुमारास काही संशोधकांनाच वाटलं होतं की कोलेस्टेरॉल उतरवल्याने आत्महत्या आणि हिंसक मृत्यू वाढत असावेत. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांचा स्कँडिनेव्हियातला अभ्यास आला; त्यात तसं आढळलं नाही, उलट एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातलं तिथे पोचत नाही. २०२० मधला एक अभ्यास मला फार आवडतो. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने बिनऔषधाची आणि काही महिने काहीच नाही, असं आलटून पालटून दिलं. खऱ्या गोळीवर जो त्रास झाला, त्यातला ९० टक्के बिनऔषधाच्या गोळीवरही झाला. म्हणून दुखणं नाटकी ठरत नाही. दुखतं ते दुखतंच. गोळीची धास्तीही अंग दुखवते.

स्नायूंचा खरा त्रास काहींना होतो, हेही तितकंच खरं. अंग फार दुखतंय, अशक्तपणा आहे आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. झोप बिघडली तरी सांगा, गोळी किंवा डोस बदलता येतो. थायरॉइड मंदावलेलं असेल तर कोलेस्टेरॉल वाढतं, मन उतरतं आणि स्टॅटिनने अंगही जास्त दुखतं, म्हणून ती तपासणी मागून घ्यावी. घरच्याघरी, कुणाला न सांगता गोळी सोडणं एवढं करू नका.

आणि उदासीला गोळीच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला नैराश्य गाठतं, आणि असा माणूस हृदयाची औषधंही चुकवू लागतो. गेले दोन आठवडे मन खिन्न आहे का, आवडीच्या गोष्टींत गोडी उरली आहे का, एवढं घरच्यांनी विचारलं तरी पुरे. उत्तर काळजीचं आलं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सर्ट्रालिनसारखं नैराश्यावरचं औषध हृदयरुग्णांत तपासलेलं आहे, फक्त किडनीचे रिपोर्ट सोबत न्या. 'जगून काय करू' असं तोंडातून निघत असेल, तर भेटीच्या तारखेची वाट न बघता सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं.