दारूच्या धोक्याचे इशारे फक्त अति पिणाऱ्यांसाठीच असतात का?

नाही, हे इशारे थोडी पिणाऱ्यांनाही लागू होतात, कारण कर्करोगाच्या बाबतीत ‘इतकी चालते’ अशी सुरक्षित मर्यादा सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याचा समावेश पहिल्या गटातील, म्हणजे माणसांत कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या, कर्करोगकारकांत केला होता. शरीरात अल्कोहोलचे विघटन होताना अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य तयार होते आणि ते पेशींतील डीएनएला इजा करते. म्हणून तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांमध्ये स्तन या अवयवांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बिअर, वाइन की व्हिस्की, याने फरक पडत नाही, कारण अपाय करणारे अल्कोहोल सर्वांत एकच असते. ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हा समज मला विशेष घातक वाटतो. मात्र पहिला गट पुराव्याची खात्री दाखवतो, धोक्याचा आकार नव्हे: अधूनमधून थोडी घेणाऱ्याचा धोका अल्प असतो, आणि प्रमाण व वर्षे वाढत जातील तसा तो वाढत जातो.