शाळेच्या नाटकाचा साऊंड नेमका कशावरून वाजवायचा? – वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत चार पत्रं शाळेच्या नाटकांच्या साऊंडबद्दल आहेत आणि चारही आपल्या नाशिकची किंवा जवळपासची, म्हणून वेगवेगळी न छापता एकत्रच घेतेय. पहिल्या पत्राला जास्त जागा जाणार आहे कारण प्रश्न तसाच आहे.

प्रश्न : आमची शाळा पंचवटीत आहे. हॉलला छोटं स्टेज आहे, तीनेकशे मुलं बसतात. गॅदरिंगला दरवर्षी नाटक असतं आणि त्यातलं चांगलं झालेलं आम्ही बालनाट्य स्पर्धेला नेतो. आजवर कुणाच्या तरी मोबाईलवरून म्युझिक वाजवत आलो. यंदा पालकांनी ६०,००० रुपये जमवून दिलेत. एक दुकानदार म्हणतो पेनड्राईव्ह आणि ब्लूटूथवाला मिक्सर घ्या, सगळं त्यातच होतं. दुसरा म्हणतो नाटकाला सीडी प्लेअरच लागतो. मुख्याध्यापक म्हणतात सगळे पैसे स्पीकरला घाला. ऐकू कुणाचं? – एक शिक्षिका, पंचवटी

उत्तर : मॅडम, आधी एक प्रसंग सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या नाटकाला मी मदतीला होते. शेवटच्या प्रवेशात आजोबा जातात, बासरी संपते आणि मग दहा सेकंद पूर्ण शांतता, फक्त नात बाजूला बसलेली. बासरी संपली आणि मोबाईलवरच्या ॲपने पुढचा ट्रॅक आपोआप सुरू केला, तो होता वरातीचा बँड. साऊंडवर नववीतला मुलगा होता, त्याला बंद करायला तीन-चार सेकंद लागले असतील, पण तोवर हॉल हसून गेला होता. स्टेजवरची ती पोरगी हललीसुद्धा नाही, तशीच बसून राहिली, आणि हा मुलगा विंगेत जाऊन रडला. त्याची काहीच चूक नव्हती हो! त्याच्या हातात दिलेली वस्तूच गाणी ऐकायची होती, नाटकाची नव्हती.

म्हणून निवडताना पहिला प्रश्न हा विचारायचा की एक तुकडा वाजून झाला की हे यंत्र आपणहून थांबतं का, आणि पुढचा तुकडा तयार ठेवून माझी वाट बघतं का. आवाज किती मोठा, वॅट किती, लाईट किती लागतात ते सगळं नंतर.

आता या कसोटीवर दुकानदारांचं म्हणणं बघा. मिक्सरमधला पेनड्राईव्ह प्लेअर एकामागून एक वाजवतच जातो, आणि बऱ्याच स्वस्त प्लेअरमध्ये गाणी नावाप्रमाणे न लागता ज्या क्रमाने कॉपी केली त्या क्रमाने लागतात, म्हणजे आदल्या रात्री एखादी फाईल बदललीत की ती जाऊन शेवटी बसते आणि तुम्हाला शो चालू असताना कळतं. मिक्सर घ्या, पण त्यातला हा प्लेअर मध्यंतरात गाणी लावायला ठेवा. ब्लूटूथ तर नाटकाला नकोच, कारण बटण दाबल्यावर आवाज यायला सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशीर होतो, थप्पड आधी बसते आणि फटका मागून ऐकू येतो, शिवाय हॉलमध्ये तीनशे लोकांच्या खिशात फोन असताना ते कनेक्शन कधी तुटेल याचा भरवसा नाही.

सीडीवाल्याचं म्हणणं खोटं नाहीये. प्रोफेशनल सीडी प्लेअरला ऑटो क्यू, ऑटो पॉज असं काहीतरी असतं, ट्रॅक संपला की पुढच्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो, सुरुवातीची शांतता पण गाळतो, म्हणून नाटकवाले वर्षानुवर्षं तेच वापरत आले. घरच्या सीडी प्लेअरला ते नसतं, तेवढं बघून घ्या. पण आज नवीन घ्यायला मी सांगणार नाही, कारण पाऊस चालू असताना मध्येच वीज कडाडायची असेल तर एका सीडीवर दोन आवाज एकत्र वाजत नाहीत, आणि तालमीत दिग्दर्शकाने एक क्यू, म्हणजे ठरल्या क्षणी वाजवायचा एक आवाज, वाढवला की पूर्ण सीडी परत बनवा.

तुमच्या शाळेत कॉम्प्युटर लॅब असेलच. तिथला एक बरा लॅपटॉप मागून घ्या, प्लेअरवर एक रुपयाही घालू नका. नाटकासाठी क्यू वाजवायची सॉफ्टवेअर मिळतात. विंडोजवर मल्टीप्ले आहे, फुकट. लिनक्स असेल तर लिनक्स शो प्लेअर, तेही फुकट. मॅक असेल तर क्यूलॅब, त्याच्या फुकट व्हर्जनमध्ये साधा स्टीरिओ साऊंड आरामात होतो. या सगळ्यांत यादी एकाखाली एक दिसते, पुढचा क्यू कुठला ते दिसतं, एक बटण दाबलं की वाजतो, संपला की थांबतो, आणि पावसावर वीज, विजेवर संवादामागचं म्युझिक असं एकावर एक चढवता येतं. पोरांना हे दोन तालमींत जमतं, आपल्यापेक्षा लवकर जमतं.

क्यूंना नंबर देताना १, २, ३ असे देऊ नका. १०, २०, ३० असे द्या. मग मध्ये दाराची बेल वाढली तर ती २५ होते आणि स्क्रिप्टवर लिहिलेले बाकीचे नंबर खोडावे लागत नाहीत. फाईलचं नावही तसंच ठेवा, नंबर आणि मग शाळेची घंटा, रेल्वे, काय असेल ते. फाईल शक्यतो वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी, ठेवा, मिनिटाला साधारण १० एमबी जागा खाते पण आजच्या लॅपटॉपला ती काहीच नाही. एमपीथ्रीमध्ये सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी रिकामी जागा राहते, गाण्यात कळत नाही पण पावसाचा आवाज लूपवर लावला की दर वेळी एक बारीक झटका ऐकू येतो. कापाकापी ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, सुरुवातीची शांतता अगदी आवाजाच्या तोंडापर्यंत कापा.

लॅपटॉप नाटकाला बसवताना वायफाय बंद, विंडोजचे सगळे टुणटुण आवाज बंद, स्लीप आणि स्क्रीनसेव्हर बंद, अपडेट आधीच करून घेतलेले. हे शोच्या दिवशी नाही, रंगीत तालमीला करायचं. आणि त्या लॅपटॉपवर शो होईपर्यंत दुसरं कोणीही काहीही करायचं नाही, निकालपत्रकंसुद्धा दुसरीकडे.

आता पैसे. मुख्याध्यापक सरांचं बरंचसं बरोबर आहे, मोठा हिस्सा स्पीकरलाच जाऊ दे. शाळांच्या हॉलला भिंतीवर उंच उभे कॉलम स्पीकर असतात, बहुतेक वेळा १०० व्होल्ट लाईनवर चालणारे. ते भाषणाला आणि प्रार्थनेला उत्तम, पण ढगांचा गडगडाट त्यातून येत नाही, पत्रा हलवल्यासारखा येतो. म्हणून १२ इंची पॉवर्ड स्पीकरची एक जोडी स्टँडसकट घ्या, ॲम्प्लिफायर आतच असतो, आणि ते स्टेजवरच्या माईकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा म्हणजे शिट्टी वाजणार नाही. भिंतीवरचे कॉलम या स्पीकरना किंवा यांच्या वायरला जोडायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका, दोन्हीची पद्धत वेगळी आहे.

उरलेल्यात एक छोटा मिक्सर, एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज यूएसबीतून बाहेर काढणारी डबी), दोन चॅनलचा डीआय बॉक्स (तो आवाज लांब केबलवर खरखर न येता पाठवता येईल असा करणारी डबी) आणि चांगल्या एक्सएलआर, म्हणजे माईकला लावतात तशा तीन पिनांच्या, केबल. केबलला काटकसर करू नका. एक जोडी २५-३० मीटरची घ्या, कारण साऊंड करणारा मुलगा विंगेत बसून उपयोग नाही, त्याला प्रेक्षकांत बसवा, मागच्या रांगांच्या मधोमध. विंगेत त्याला जे ऐकू येतं ते हॉलमध्ये ऐकू येणारं नसतंच, आणि मग म्युझिक संवादावर चढतं. मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलवर एक जुना मोबाईल लावून ठेवा, एअरप्लेन मोडवर, सगळे क्यू त्यात भरलेले, त्या चॅनलचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती पट्टी, खाली. लॅपटॉपने दगा दिला तर फेडर वर. तो मोबाईल संपलं की थांबणार नाही हे लक्षात ठेवूनच, पण दोन मिनिटं निभावून नेईल.

एक गोष्ट सांगायचीच आहे, मला स्वतःला ती फार आवडते. हॉलच्या स्पीकरमधून स्टीरिओ वाजवायचा हट्ट सोडा, अर्ध्या प्रेक्षकांना तो तसाही कळत नाही. दोन्ही स्पीकरना लॅपटॉपची फक्त डावी बाजू द्या, आणि उजवी बाजू स्टेजवर ठेवलेल्या एका छोट्याशा स्पीकरला द्या, नेपथ्यात लपवून. टेबलावर रेडिओ असेल तर रेडिओच्या मागे, दार असेल तर दारामागे. मग मुलीने रेडिओचं बटण फिरवलं की बातम्या खरंच रेडिओतून येतात, आणि पुढच्या रांगेतली लहान मुलं मान वाकडी करून त्या रेडिओकडे बघतात. फाईल बनवतानाच कुठला आवाज डावीकडे, कुठला उजवीकडे ते ठरवायचं. गाणी आधी मोनो, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र, करून मग डावीकडे टाका, नाहीतर गाण्यातला अर्धा वाद्यमेळ गायब होईल.

स्पर्धेला कालिदास कलामंदिर किंवा सायखेडकर नाट्यगृहासारख्या ठिकाणी जाल तेव्हा स्पीकर नेऊ नका. लॅपटॉप, इंटरफेस, डीआय बॉक्स आणि तो बॅकअपचा मोबाईल एवढं एका पिशवीत, आणि तिथल्या साऊंडच्या माणसाला शांतपणे सांगायचं, दोन एक्सएलआर देतोय दादा, डावी हॉलला आणि उजवी फक्त स्टेजवरच्या स्पीकरला. तो खूष होतो.

प्रश्न : ताई मी नववीत आहे, सिन्नर. २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाला आमची कवितांवर नाटिका आहे आणि साऊंड माझ्याकडे आहे. लॅपटॉपमध्ये गाणं बरोबर वाजतं, हेडफोनमध्ये पण. पण हॉलच्या मिक्सरला लावलं की गाणाऱ्याचा आवाजच जातो, नुसती वाद्यं, ती पण लांबून आल्यासारखी. सर म्हणतात फाईल खराब. आणि कविता वाचनाचं आमचं रेकॉर्डिंग तर अजिबातच येत नाही. – एक विद्यार्थी

उत्तर : फाईल चांगली आहे रे, आणि तू लक्षणं इतकी नीट लिहिलीस की इथे बसून सांगता येतं. तुझ्याकडे एक केबल असणार, एका टोकाला हेडफोनची छोटी पिन आणि दुसऱ्या टोकाला एकच माईकवाला एक्सएलआर. बरोबर ना? त्या पिनेवर दोन आवाज असतात, डावा आणि उजवा. मिक्सरच्या माईक इनपुटला वाटतं की हा एकच आवाज आहे, दोन तारांवर एकमेकांच्या उलटा आलेला, म्हणून तो एकातून दुसरा वजा करतो. माईकच्या बाबतीत तेच हवं असतं, त्यामुळे वाटेत शिरलेला खरखराट निघून जातो. पण गाण्यात गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा असतो, सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. तुमचं कविता वाचन एका माईकवर मोबाईलने घेतलेलं असणार, ते दोन्हीकडे अगदी तंतोतंत सारखं, म्हणून पूर्ण गायब.

आज संध्याकाळीच ताळा करून बघ. ऑडॅसिटीमध्ये कविता उघड, ती स्टीरिओ ट्रॅक कर, उजवी बाजू पूर्ण शांत कर आणि परत लाव. आवाज आला तर हेच कारण. मग ती केबल बाजूला ठेव आणि दुसरी आण, एका टोकाला छोटी पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या पिना, डावी-उजवी, आणि त्या मिक्सरच्या लाईन इनपुटच्या दोन चॅनलला. कार्यक्रम कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी आहे आणि कविता ऐकूच आली नाही असं नको व्हायला. सरांनाही दाखव, त्यांना आवडेल.

प्रश्न : लॅपटॉप स्पीकरला जोडला की सतत घुंऽऽ असा आवाज. हळू म्युझिक असेल तेव्हा फारच वाईट वाटतं. लॅपटॉप बदलून झाला. – नाशिकरोड

उत्तर : चार्जर काढून बघा. बॅटरीवर घुंऽऽ थांबला तर लॅपटॉप आणि स्पीकर दोन वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडले गेलेत आणि विजेचा ५० हर्ट्झ आवाज त्या वळशातून येतोय. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, बऱ्याचदा तेवढ्यानेच जातं. नाही गेलं तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स मध्ये टाका. चार्जरच्या पिनेतला अर्थ तोडून टाका असं कुणीतरी सांगेल, ते मात्र अजिबात करू नका, स्टेजवर मुलं माईक हातात घेऊन उभी असतात.

प्रश्न : मी हौशी नाटकांना २५ वर्षं पार्श्वसंगीत दिलं. घरी मिनिडिस्कचा (छोट्या डबीतल्या, रेकॉर्ड करता येणाऱ्या डिस्कचा) डेक आहे, चालू स्थितीत, आणि ४० एक डिस्क. नातवाच्या शाळेला द्यावा म्हणतो. कामाला येईल का? – एक ज्येष्ठ वाचक, इंदिरानगर

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. सोनीने १९९२ मध्ये मिनिडिस्क आणली, घराघरात ती काही पोचली नाही पण नाटकवाल्यांनी मात्र उचलली, कारण तिच्यात ट्रॅक संपला की थांबायची सोय होती, ट्रॅकला नाव देता यायचं, क्रम बदलता यायचा. आज पोरं लॅपटॉपवर जे करतात ते तुम्ही तेव्हा त्या डेकवर करत होतात. पण शाळेला द्यायला मी नको म्हणेन. सोनीने २०१३ मध्ये मिनिडिस्कचे प्लेअर बनवणं थांबवलं आणि कोऱ्या डिस्क २०२५ मध्ये. बिघडला तर भाग कुठून आणायचे, आणि शो गेला तर खापर नातवावर फुटेल.

त्याऐवजी त्या डिस्क रिकाम्या करून द्या. डेकच्या लाईन आऊटमधून लॅपटॉपच्या ऑडिओ इंटरफेसला दोन वायरी लावायच्या, ऑडॅसिटी सुरू करायचं आणि रेकॉर्ड करायचं, जेवढ्याची डिस्क तेवढाच वेळ जाईल. नातवाला शेजारी बसवा आणि प्रत्येक ट्रॅक कुठल्या प्रवेशाला वापरला, कुठे हळू केला, कुठे एकदम तोडला ते सांगत जा, तो फाईलच्या नावात लिहीत जाईल. तुम्ही स्वतः रेकॉर्ड केलेला पाऊस, टांगा, एसटी स्टँडची गर्दी असलं काही त्यात असेल तर ते आधी घ्या. पंचवटीच्या मॅडमना वरती मी लॅपटॉप मागून घ्या म्हटलंय खरं, पण त्या लॅपटॉपमध्ये टाकायला असे आवाज दुकानात मिळत नाहीत.