चित्रातले किल्ले खरंच एवढे उंच होते का?

प्रश्न : टर्नर आणि गर्टिन या इंग्रज चित्रकारांची किल्ल्यांची जुनी वॉटरकलर्स सध्या खूप बघतोय. हे लोक किल्ल्यासमोर बसूनच रंगवायचे का? आणि गर्टिनचं आभाळ इतकं गुलाबी-तपकिरी का दिसतं, संध्याकाळच आवडायची का त्याला?

उत्तर : समोर बसून रंगवलेलं फार कमी. टर्नर 1797 ला उत्तर इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तिथे ट्वीड नदीकाठचा नॉरहॅम किल्ला त्याने वहीत पेन्सिलने उतरवून घेतला आणि त्यावरून केलेलं वॉटरकलर 1798 ला लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात लावलं, म्हणजे मधलं सगळं काम घरी, आठवणीवर आणि वहीवर. त्यामुळे उंचीचं म्हणाल तर ती चित्रकाराच्या मर्जीची! बुरूज ताणायचा, नदी रुंद करायची, सूर्य नेमका किल्ल्यामागे आणून ठेवायचा, टर्नर हे खुशाल करायचा आणि मला तरी त्यात काही गैर वाटत नाही, नकाशा हवा असेल तर सर्व्हेवाले होतेच की. 1793 पासून फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्याने युरोपात फिरणं अवघड झालं होतं, म्हणून हौशी मंडळी आणि चित्रकार वेल्स, स्कॉटलंड, उत्तर इंग्लंडकडे वळले, तिथे पडके किल्ले हवे तेवढे.

आता आभाळ. ती संध्याकाळ नव्हेच बऱ्याचदा. ढगांचा करडा रंग नीळ आणि लालसर मातीचे रंग मिसळून करायचे, यातली नीळ उजेडाने उडते आणि माती जागच्या जागी राहते, मग निळंकरडं आभाळ हळूहळू गुलाबी होत जातं. गर्टिन बिचारा 1802 ला 27व्या वर्षीच गेला, त्याने हे बघितलंही नसेल. पुढे यावरून इंग्लंडमध्ये चांगलाच वाद पेटला आणि 1888 ला रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांचा उजेडाने वॉटरकलरचं काय होतं यावरचा सरकारी रिपोर्ट आला.

ओरिजिनल बघायला मिळालं तर कडा नीट बघा. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेल्या पट्टीत कधीकधी मूळचा निळा शिल्लक असतो. मात्र म्युझियमवाले ही चित्रं थोडेच दिवस भिंतीवर ठेवतात, तेही मंद उजेडात, त्यामुळे जाण्याआधी चौकशी केलेली बरी.