गोकर्णाचं फूल की गोकर्णीचं?

इंदूरच्या एका घरातला हा प्रश्न. आजी ‘गोकर्णीचा वेल’ म्हणतात, वडील ‘गोकर्णाची वेल’, नर्सरीतल्या पाटीवर ‘अपराजिता’ असतं आणि निळ्या चहाचे व्हिडिओ हिलाच ‘शंखपुष्पी’ म्हणतात. चारही एकच का, आणि मराठीत बरोबर काय? शेवटी एक पुरवणी जोडली आहे: बी भिजवलं तरी निम्मं फुगतच नाही, अशा बियांना काही शब्द आहे का?

पहिली तीन नावं एकाच वेलीची. चौथं इंदुरात तरी दुसऱ्याच वनस्पतीचं आहे. शेवटच्या प्रश्नाला मराठीत फक्कड शब्द आहे, तो पुढे येईल.

आधी नावातला कान. वाटाण्याचं किंवा वालाचं फूल पाहिलं तर मोठी पाकळी वर उभी असते. गोकर्णीचं फूल उलटं होऊन उमलतं. मोठी पाकळी खाली पसरते, बाकीच्या चार लहान पाकळ्या वरच्या बाजूला राहतात. त्यामुळे मधमाशी आत शिरली की पराग तिच्या पाठीला लागतो. ही मोठी पाकळी देठाशी निमुळती, पुढे रुंद आणि मधोमध पन्हाळीसारखी खोलगट असते. गाईचा कान तो हाच. आचमनासाठी तळहात ज्या आकारात वळवतात त्यालाही ‘गोकर्णाकृती’ म्हणतात. त्या खळग्यात पाणी किती घ्यायचं, तर एक उडदाचा दाणा बुडेल इतकं. फूल तळहातावर पालथं न ठेवता उताणं ठेवून पाहा, दोन्ही आकार एकावर एक बसतात. संस्कृतात अंगठा आणि अनामिका ताणून होणाऱ्या मापालाही गोकर्ण म्हणतात, पण त्याचा या वेलीशी संबंध नाही.

आता ई कुठून आली? पुष्कळांना वाटतं की ‘गोकर्ण’ शुद्ध आणि ‘गोकर्णी’ हे बायकांच्या बोलण्यातलं लाडिक रूप. तसं नाही. पाणिनीचं ४.१.६४ हे सूत्र सांगतं की पाक, कर्ण, पर्ण, पुष्प, फल, मूल आणि वाल हे शब्द शेवटी असलेल्या जातिवाचक स्त्रीलिंगी नामाला ई लागते. शालपर्णी, आखुकर्णी, शंखपुष्पी ही सगळी त्याच साच्यातली. म्हणजे आजींचं रूप व्याकरणाला धरून आहे. वडिलांचं चूक म्हणता येणार नाही, कारण मराठीत ‘गोकर्ण’ही रुळलेलं आहे, आणि ‘वेल’ तर ‘तो’ही असतो, ‘ती’ही. तरी निवड करायची झाली तर माझं मत आजींच्या बाजूला. ‘गोकर्णाला जाऊन आलो’ म्हटलं की कर्नाटकातलं क्षेत्र डोळ्यांपुढे येतं. ‘गोकर्णीला पाणी घाल’ म्हटल्यावर कुणी गाडीचं तिकीट काढत नाही.

‘अपराजिता’ हेही जुनंच. अमरकोशाच्या वनौषधिवर्गात आस्फोटा, गिरिकर्णी, विष्णुक्रान्ता आणि अपराजिता ही चार नावं एका दमात येतात. बंगालीत हेच रोजचं नाव आहे. हिंदीत जुनी माणसं हिला ‘कोयल’ही म्हणतात, पण नर्सरीवाल्यांनी ‘अपराजिता’ उचललं आणि तिथून ते इंदूरच्या मराठी घरांत शिरलं. पंचांगात दसऱ्याला शमीपूजनाबरोबर अपराजितापूजन दिलेलं असतं, ती अपराजिता देवी. बंगालात मात्र त्या दिवशी हिच्या वेलीचाही मान असतो.

शंखपुष्पीपाशी खरी फसगत होते. केरळ-तमिळनाडूत गोकर्णीलाच शंखपुष्प म्हणतात, आणि व्हिडिओंतलं नाव तिथलं आहे. माळव्यात, राजस्थानात, गुजरातेत शंखपुष्पी म्हणजे रताळ्याच्या कुलातली, जमिनीलगत पसरणारी, पांढऱ्या-गुलाबीसर नरसाळ्यासारख्या फुलांची वनस्पती. तुम्ही इंदूरच्या सियागंज बाजारात पंसाऱ्याकडे शंखपुष्पी मागाल, तो तिचं मुळापासून फळापर्यंत वाळवलेलं अख्खं झाड देईल, तुम्ही उकळाल आणि पाणी मातकट होईल. पंसाऱ्यानं फसवलं नाही, त्यानं त्याच्या गावची शंखपुष्पी दिली. ‘विष्णुकांता’ म्हणून विकली जाणारी बारीक निळ्या फुलांची तिसरीच, तीही रताळ्याच्याच कुलातली. ओळखायची सोपी खूण अशी: फूल एकसंध नरसाळं असेल तर ती गोकर्णी नाही. गोकर्णीला शेंग धरते, चपटी, साधारण बोटाएवढी.

निळा रंग हवा असेल तर गोकर्णीचीच फुलं लागतात. सकाळी उमललेली खुडून हिरवं देठ काढून टाका, ते राहिलं तर चहाला गवताची चव येते. पाकळी चुरचुरीत होईपर्यंत सावलीत वाळवा. ओलसर भरली तर बरणीत बुरशी धरते. कपभर गरम पाण्यात चार-पाच फुलं, पाच मिनिटं. लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा होतो, चिमूटभर खायचा सोडा घातला की हिरवट. मूळ आणि बी मात्र रेचक आहेत, वैद्याशिवाय घरी वापरू नयेत. गरोदर बाईनं चहाही टाळावा.

लॅटिन नावाच्या उत्तरार्धात ‘टर्नेटिया’ येतं ते इंडोनेशियातल्या टर्नाटे बेटावरून. लिनियसनं १७५३ मध्ये ते रूढ केलं. पूर्वार्ध फुलाच्या आकारावरूनच आहे, पण त्याला कान आठवला नाही, एवढं सांगून पुढे जातो. हो, ‘प्रजाती’ हा शब्द जपून वापरा. हिंदी वृत्तपत्रांत तो एका जातीसाठी येतो. मराठी वनस्पतिशास्त्रात प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट.

आता न फुगणारं बी. त्याला गणंग म्हणतात. मटकीला मोड काढताना जे दाणे दगडासारखे राहतात आणि दाताखाली येतात, तेच गणंग. गोकर्णी मटकीच्याच कुलातली, म्हणून तिच्यातही गणंग निघतात: बीचं साल पाणी आत जाऊ देत नाही. रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी फुगलेली वेगळी करा. उरलेली फेकू नका. बीला जिथे डोळा असतो त्याच्या विरुद्ध बाजूला नेलकटरच्या कानशीनं आतला फिकट भाग दिसेपर्यंतच घासा आणि पुन्हा भिजवा. डोळ्याकडून घासलं तर कोंब दुखावतो.

पेरणी जूनच्या पहिल्या पावसाआधी, बोटाच्या एका पेरापेक्षा थोडं कमी खोल. इंदूरची काळी माती कुंडीत एकटी घालू नका, पाणी धरून मुळं कुजवते. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू. युरिया तर नकोच. ही मुळांच्या गाठींतून स्वतःचं नत्र मिळवते, वरून दिलं की पानंच पानं आणि फूल शोधून सापडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून झडली तर वेल गेली असं समजून उपटू नका. फेब्रुवारीत वीतभर-दीडवीत ठेवून छाटा, फुटवे येतात.

बी धरायचं तर शेंग तपकिरी होताच काढा, पुरती वाळली की पिळवटून फुटते आणि बी उडून जातं. पुडीवर रंगाबरोबर ‘एकेरी’ की ‘दुहेरी’ हेही लिहा. दुहेरी फुलात लहान पाकळ्याही मोठीसारख्या होऊन एकमेकींत गुंततात, दिसायला भरगच्च, पण त्यात कान काही सापडत नाही.