वाचकांचे प्रश्न : शोधनिकालांतील फसव्या जाहिराती

प्रश्न : एक मोफत सॉफ्टवेअर हवे होते म्हणून त्याचे नाव गूगलवर शोधले आणि सर्वांत वर दिसलेल्या दुव्यावरून ते डाउनलोड केले, तर संगणकात व्हायरस शिरला. दुव्यावर नाव आणि पत्ता दोन्ही बरोबर होते. मग फसवणूक झाली कशी?

उत्तर : सर्वांत वर दिसणारा दुवा अनेकदा जाहिरात असतो आणि ती जागा पैसे मोजून मिळवलेली असते, तो दुवा खरा असल्याची ती पावती नव्हे. पूर्वी जाहिरातींमागे वेगळा रंग असे. आता ‘प्रायोजित’ किंवा ‘स्पॉन्सर्ड’ एवढाच छोटा शब्द असतो आणि घाईत तो नजरेतून निसटतो, यात वाचकाचा दोष मला वाटत नाही.

जाहिरातीत दिसणारा पत्ता खरा असूनही क्लिक दुसरीकडे नेऊ शकते. 2022 मध्ये ‘गिम्प’ या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरबाबत नेमके हेच घडले : जाहिरातीत मूळ संकेतस्थळाचा पत्ता दिसत होता, पण क्लिक करणारा माणूस हुबेहूब तसेच दिसणाऱ्या बनावट पानावर पोहोचत होता. शिवाय भामटे तपासणी करणाऱ्या यंत्रणेला एक निरुपद्रवी पान दाखवतात आणि सामान्य माणसाला दुसरेच, त्यामुळे अशा जाहिराती चाळणीतून सुटतात.

म्हणून पान उघडल्यावर ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता वाचावा, आणि तो (सुरुवातीचे ‘https://’ सोडून) पहिल्या तिरप्या रेघेपासून मागे, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचावा. ‘कंपनी डॉट कॉम डॉट मदतकेंद्र डॉट नेट’ असा पत्ता असेल, तर त्याचा मालक ‘मदतकेंद्र डॉट नेट’ हा आहे. सुरुवातीचे ‘कंपनी डॉट कॉम’ कोणालाही लावता येते. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले, तरी त्यावर विसंबू नये, कारण त्यावरून मजकूर कूटबद्ध होऊन, म्हणजे वाटेत इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात, जातो एवढेच कळते, आणि बनावट संकेतस्थळालाही ते चिन्ह सहज मिळते.

माझ्या मते खरा उपाय सवयीत आहे. बँक, ईमेल किंवा नेहमीचे सॉफ्टवेअर यांच्यापर्यंत शोधातून जाऊच नये. पत्ता स्वतः टाइप करावा किंवा बुकमार्क करून ठेवावा. ग्राहकसेवेचा क्रमांक बँकेच्या कार्डामागून किंवा बिलावरून घ्यावा. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर 2022 मध्ये अशा जाहिरातींबद्दल इशारा देताना जाहिराती रोखणारे ब्राउझर एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) वापरण्याचाही सल्ला दिला होता.

तुमच्या बाबतीत मात्र आधी संगणक इंटरनेटपासून तोडा, दुसऱ्या उपकरणावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, सर्व ठिकाणचे चालू लॉगिन बंद करा आणि बँकेला कळवा. ती जाहिरात पुन्हा दिसली, तर तिच्या शेजारच्या तीन टिंबांवरून तक्रार नोंदवता येते.