बेटिंगचे बुडालेले भांडवल शिस्तीने पुन्हा उभे करावे का?

बेळगावच्या उद्यमबागेतील मशीन शॉपमध्ये नोकरी करणारे एक वाचक लिहितात की, गेल्या आयपीएलमध्ये त्यांचे 60,000 रुपयांचे बेटिंगचे भांडवल 8,000 वर आले. दरमहा पगारातून 2,000 रुपये घालून, एका पैजेला 200 रुपयेच लावून, दिवसाला दोनच पैजा घेऊन आणि सगळा हिशोब वहीत ठेवून ते वर्षभरात पूर्ववत करावे, असा त्यांचा विचार आहे. त्यांच्यावर सौहार्द या सहकारी पतसंस्थेचे (सोसायटीचे) 14 टक्के व्याजाचे 45,000 रुपयांचे कर्ज आहे.

तुम्ही स्वतःला घालून घेतलेली बंधने मनापासूनची आहेत, हे तुम्ही पाठवलेल्या वहीच्या पानांवरून दिसते, म्हणूनच मी तुमच्या बेताचा हिशोब तुमच्याच आकड्यांनी मांडतो. तुम्हाला बहुतेक वेळा 1.90 चा भाव मिळतो. म्हणजे 200 रुपये लावून जिंकलात तर 180 मिळतात आणि हरलात तर 200 जातात. शंभरपैकी पन्नास अंदाज बरोबर आले, तरी 1,000 रुपये खिशातून जातात. त्रेपन्न बरोबर आले, तर हाती 140 रुपये उरतात. सातत्याने पंचावन्न अंदाज बरोबर येणे ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती तुम्हाला साधली असे धरले तरी शंभर पैजांमागे 900 रुपये मिळतात. या वेगाने 52,000 रुपये भरून काढायला 5,700 हून अधिक पैजा, म्हणजे रोज दोन धरल्या तर जवळपास आठ वर्षे लागतील, आणि त्यात 30 टक्के आयकर मी धरलेलाच नाही.

हेच काम एका वर्षात करायचे तर प्रत्येक पैज आठपट, म्हणजे 1,600 रुपयांची करावी लागेल. त्या रकमेने सुरुवातीलाच सलग पाच पैजा हरलात, तर 8,000 संपले. सारांश, तुमची शिस्त पाळली तर तुमचे उद्दिष्ट गाठता येत नाही, आणि उद्दिष्ट गाठायचे तर शिस्त मोडावी लागते. शिस्तीमुळे पैसे सावकाश जातात; मिळणारा भाव त्यामुळे बदलत नाही. शिवाय वर्षअखेर खात्यात 32,000 दिसले, तरी त्यातले 24,000 तुमच्याच पगाराचे असतील, हे वहीत वेगळे लिहिल्याखेरीज लक्षात येणार नाही.

वहीतील एका रविवारच्या नोंदीने मला अधिक काळजी वाटली. साडेतीनच्या मॅचवर 200 गेले, मग 500 गेले, आणि साडेसातच्या मॅचला तुम्ही 2,000 लावलेत. नियम तेव्हाही वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला होता.

एजंटाकडून घेतलेल्या बेटिंगच्या आयडीवर, म्हणजे खात्यावर, उरलेले 8,000 तुम्ही बुडीत धरावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली आहे. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नसली, तरी पैजेचा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार रद्दबातल असल्याने एजंटाने हात वर केले तर कोर्टातून वसुली होत नाही. तुम्ही सांगता त्याप्रमाणे पैसे भरायला दर वेळी वेगळ्याच माणसाच्या नावाचा क्यूआर कोड येतो. अशा एखाद्या खात्यावर सायबर फसवणुकीची तक्रार असेल, तर त्यातून आलेल्या रकमेपायी तुमचे पगाराचे खातेही गोठवले जाऊ शकते. आठ हजारांसाठी एवढी जोखीम घेण्यासारखी नाही.

दरमहाचे 2,000 मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहेत. ते सोसायटीच्या कर्जात नेहमीच्या हप्त्याव्यतिरिक्त भरा. पहिल्या वर्षी सुमारे दीड हजार रुपये व्याज वाचेल, आणि 24,000 ने कमी झालेल्या मुद्दलावर पुढे वर्षाला 3,360 रुपयांचे व्याज वाचते. ही 14 टक्क्यांची खात्रीची कमाई आहे. भरण्यापूर्वी मुदतपूर्व भरण्यावर काही शुल्क आहे का ते विचारा, आणि रक्कम पुढच्या हप्त्यापोटी जमा न करता मुद्दलात वळती करावी, असे लेखी द्या. पावती कन्नडमध्ये असेल, तर ‘असलु’च्या रकान्यात, म्हणजे मुद्दलात, आकडा पडला आहे ना, हे काउंटर सोडण्यापूर्वीच पाहा, ‘बड्डी’ म्हणजे व्याज. रोज हिशोब लिहिण्याची तुमची सवय इथे खरोखर उपयोगी पडेल.

कर्जाचे घरी सांगितलेले नाही, असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. पुढच्या पगाराआधी ते पत्नीला सांगा आणि पगाराच्या दिवशी सोसायटीत दोघांनी मिळून जा. मॅच सुरू झाल्यावर हात आवरत नसेल, तर 14416 या सरकारी टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते, आणि प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटायचे असल्यास धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था तुमच्यापासून फार लांब नाही. एजंटाचा नंबर आजच ब्लॉक करा आणि आयडीचा पासवर्ड असलेली नोंद फोनमधून काढून टाका.