पापणीच्या कडेला पाण्यासारखा, न दुखणारा फोड कशामुळे येतो? सुईने फोडला तरी परत का भरतो?

तुमच्या वर्णनावरून ही मोल ग्रंथीची गाठ वाटते. पापणीच्या केसांच्या मुळाशी मोलच्या घामग्रंथी असतात. त्यातल्या एकीची नळी तुंबली की स्राव आत साठतो आणि ती फुगत जाते. आत पातळ पाणी, रंग कधी निळसर. बाजूने टॉर्च धरला तर उजेड आरपार जातो.

तिथेच झाइसच्या तेलग्रंथीही असतात. त्यांची गाठ पिवळट-पांढरी, उजेड अडवणारी. कडेपासून दूर, पापणीच्या त्वचेत पांढरी घट्ट गाठ असेल तर बहुधा त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी आत अडकून केराटिन (त्वचेत बनणारं घट्ट प्रथिन) साठलेलं असतं. जुनी जखम, टाके किंवा केसाच्या मुळाचं बुजलेलं तोंड ही त्याची कारणं. हिला सर्रास ‘सिबेशियस सिस्ट’ म्हणतात, पण आत तेल नसतंच. तीच 1-2 मिमीची असली की मिलिया.

कॅलॅझियन मात्र वेगळं. ते पापणीच्या आतल्या मायबोमियन ग्रंथीतलं तेल तुंबून, आजूबाजूला झिरपून होतं. टणक लागतं आणि वरची त्वचा त्यावरून सरकते. कोमट शेक (5-10 मिनिटं, दिवसातून 3-4 वेळा) त्याच्यासाठी. तुमच्या गाठीत वितळवायला तेलच नाही, त्यामुळे शेकून फार काही हाती लागणार नाही.

आता परत भरण्याबद्दल. सुईने पाणी निघतं, पण आतलं पेशींचं अस्तर जागेवरच राहतं, आणि स्राव तेच करतं. छिद्र बुजलं की पुन्हा तेच. वर घरच्या सुईने डोळ्याजवळ संसर्गाचा धोका, तेव्हा ते बंद करा. केराटिनची गाठ दाबून फोडली तर आणखी वाईट: ऐवज त्वचेत सांडतो, लाल होऊन सुजतं आणि नंतर ती अखंड काढणं अवघड होतं. नेत्रतज्ज्ञ जागेवर भूल देऊन गाठ अस्तरासकट काढतात. अगदी कडेवर असेल तर कधी नुसतं वरचं छत कापून मोकळी करतात. त्रास नसेल तर तशीच ठेवली तरी चालते.

लहान मुलाच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाशी जन्मापासून गाठ असेल तर ती डर्मॉइड असू शकते. ती हाडाच्या सांध्याला चिकटलेली असते, कधी आत खोलवर जाते. तिला सुई लावूच नये.

गाठीवरचे पापणीचे केस गळले, खपली धरून रक्त येऊ लागलं, किंवा उतारवयात ‘कॅलॅझियन’ त्याच जागी पुन्हा पुन्हा आलं, तर थांबू नका. तेलग्रंथीचा कर्करोग असाच दिसू शकतो, म्हणून अशा वेळी तुकडा काढून तपासायला पाठवतात.